मुलांच्या मेंदूंतील घातक गांठ : घरांत दिसणारीं लक्षणें

ज्या घरांत लहान मुलें आहेत, त्या घरांत मुलाचें डोकें दुखणें, त्याला ओकारी होणें, चालतांना त्याचा पाय अडखळणें किंवा अभ्यासांत त्याचें लक्ष न लागणें या गोष्टींचें कोणालाहि नवल वाटत नाहीं. ज्वर, अपचन, जागरण, उन्हांतील खेळ, परीक्षेची धास्ती अशीं साधीं कारणें बहुतेक वेळां त्यांच्या मागें असतात आणि दोन-चार दिवसांत मूल पुन्हां हुंदडूं लागतें. आज ज्या रोगाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो मात्र याच साध्या वेषांत घरांत शिरतो. मुलांच्या मेंदूंत होणारी घातक गांठ, म्हणजे मेंदूचा कर्करोग, हा तो रोग होय. त्याचें एकहि लक्षण असें नाहीं कीं जें केवळ त्याचेंच आहे. म्हणून तीं साधीं लक्षणें किती दिवस टिकलीं, दिवसाच्या कोणत्या वेळीं आलीं आणि कोणत्या दुसऱ्या लक्षणाच्या सोबतीनें आलीं, हें पाहूनच त्याची शंका घ्यावी लागते. हें पाहण्याची पहिली संधि डॉक्टरांच्या आधीं घरांतल्या माणसांना मिळते. आजचें भाषण त्यांच्यासाठीं आहे.

प्रथम रोगाच्या व्याप्तीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारे ४ लक्ष बालकांना व किशोरांना कर्करोग होतो. त्यांत रक्ताच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आणि मेंदू व मज्जासंस्थेच्या गांठींचा दुसरा. या सर्वच गांठी घातक नसतात. कांहीं सावकाश वाढतात आणि शस्त्रक्रियेनें पूर्णपणें काढतां आल्या तर बहुधा पुन्हां त्रास देत नाहींत. घातक गांठींपैकीं मुलांत सर्वांत अधिक आढळणारी गांठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. ती बहुधा दहा वर्षांच्या आंतील मुलांत होते, आणि मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक दिसते. असें असलें तरी एकंदर लोकसंख्येच्या मानानें हा रोग दुर्मिळच म्हटला पाहिजे. गल्लीतल्या डॉक्टरांकडे असे रुग्ण उभ्या आयुष्यांत मोजकेच यावयाचे. हा दुर्मिळपणा पालकांना दिलासा देणारा आहे खरा. परंतु त्यामुळेंच या रोगाची शंका सर्वांच्या मनांत उशिरां येते.

लक्षणें समजावयाचीं तर मेंदूची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. डोक्याच्या मागल्या बाजूस, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तोल सांभाळणें, हातापायांच्या हालचालींत मेळ राखणें हें त्याचें काम. त्याच्या पुढें मस्तिष्कस्तंभ असतो. डोळे, चेहरा, जीभ व घसा यांना जाणारे बहुतेक मज्जातंतु तेथून निघतात. या दोहोंच्या मध्यें एक अरुंद पोकळी आहे. मेंदूंत रात्रंदिवस पाझरणारा पाण्यासारखा स्वच्छ द्रव या पोकळींतून बाहेर पडतो आणि मेंदू व पाठीचा कणा यांच्याभोंवतीं फिरतो. मेड्युलोब्लास्टोमा नेमकी याच जागीं वाढते. गांठ सुपारीएवढी असो वा लिंबाएवढी, तिनें ही वाट अडविली कीं वरचा द्रव तुंबतो, आणि कवटी ताणली जात नसल्यामुळें डोक्यांतील दाब वाढूं लागतो. पुष्कळशीं पहिलीं लक्षणें या तुंबलेल्या द्रवाचीं असतात.

हा दाब सकाळीं अधिक जाणवतो. रात्रभर आडवें झोंपल्यानें आणि झोंपेंत श्वास मंद झाल्यानें डोक्यांतील रक्ताचा व द्रवाचा दाब थोडा वाढतो. म्हणून मूल पहाटे डोकें धरून उठतें, किंवा उठतांक्षणींच त्याला ओकारी होते. पोटांत मळमळ फारशी नसते. जुलाब किंवा पोटदुखी नसते. ओकारी एकाएकीं होते. पुढें जें घडतें तें विशेष फसवें आहे. ओकारी झाल्यावर मुलाला बरें वाटूं लागतें. तें दूध पितें, न्याहारी मागतें आणि दप्तर घेऊन शाळेंत जातें. घरच्यांना वाटतें कीं पित्त पडलें, मोकळें झालें. कोणी म्हणतें, शाळा चुकविण्याचें हें ढोंग आहे. परंतु आठवड्यांतून तीन-चार सकाळीं हाच क्रम चालू राहिला आणि असे दोन आठवडे गेले, तर पित्ताची समजूत सोडून दिली पाहिजे.

दुसरें लक्षण तोलाचें. मूल पाय फांकवून चालूं लागतें, वळतांना भिंतीचा आधार घेतें, जिना उतरतांना कठडा सोडीत नाहीं. जें मूल कालपर्यंत सायकल चालवीत होतें, तें आज पडूं लागतें. हातांतला पेला हिंदकळतो, सदऱ्याचीं बटणें लावतां येत नाहींत, अक्षर बिघडतें. तिसरें लक्षण डोळ्यांचें. एक डोळा आंत वळतो, एकाच्या दोन वस्तु दिसतात, किंवा दृष्टि अंधुक होते. दोन प्रतिमा टाळण्यासाठीं मूल मान एका बाजूस कलती ठेवूं लागतें. घरचे समजतात, उशीवर मान अवघडली असेल. नव्यानें आलेला तिरळेपणा आणि दिवसेंदिवस न सुटणारी वांकडी मान, या दोहोंकडे दुर्लक्ष होतां कामा नये.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील संशोधकांनीं २००७ सालीं ७४ शोधनिबंधांतील ४१७१ मुलांच्या लक्षणांची एकत्र मांडणी केली. तींत सौम्य व घातक अशा दोन्ही गांठी होत्या. मेंदूच्या सर्व भागांतील गांठी एकत्र धरल्या असतां निदानाच्या वेळीं डोकेदुखी १०० पैकीं ३३ मुलांत, ओकारी ३२ मुलांत आणि चालण्यांतील दोष २७ मुलांत आढळला. याचा अर्थ असा कीं, डोकें दुखत नाहीं म्हणून मेंदू निर्दोष आहे असें समजणें चूक होय. केवळ मागल्या भागांतील गांठी निराळ्या काढल्या तर चित्र अधिक स्पष्ट होतें : ओकारी ७५ टक्के, डोकेदुखी ६७ टक्के, चालण्यांतील दोष ६० टक्के. मस्तिष्कस्तंभांतील गांठींत मात्र डोकेदुखी २३ टक्क्यांवर येते आणि चालण्यांतील दोष ७८ टक्क्यांवर जातो. निम्म्याहून अधिक मुलांत डोळ्यांच्या वा चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा लुळेपणा दिसतो. तोंड वांकडें होणें, पातळ पदार्थ गिळतांना ठसका लागणें, बोलणें जड होणें, हीं त्यांचीं चिन्हें कांहीं आठवड्यांतच एकामागून एक येतात.

वयाप्रमाणेंहि लक्षणें बदलतात. तान्ह्या मुलाला डोकें दुखतें हें सांगतां येत नाहीं, आणि त्याच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसल्यानें दाब वाढला कीं डोकेंच मोठें होऊं लागतें. वर सांगितलेल्या मांडणींत चार वर्षांखालील मुलांत सर्वांत अधिक आढळलेलें लक्षण हेंच होतें. १०० पैकीं ४१ मुलांत तें दिसलें. टाळू फुगून ताणलेली राहते, डोक्यावरच्या शिरा उठून दिसतात, आणि बुबुळें खालीं मावळल्यासारखीं दिसून वरचा पांढरा भाग उघडा पडतो. मूल किरकिरें किंवा फार सुस्त होतें. बसूं लागलेलें मूल पुन्हां लवंडूं लागतें, उभें राहणारें मूल रांगूं लागतें. आलेली विद्या जाणें हें लहान मुलांत नेहमींच गंभीर मानावें. दर लसीकरणाच्या वेळीं फितीनें डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घेणें, हा यावरचा बिनखर्चाचा पहारा आहे.

थोराड मुलांत आणखी निराळी चिन्हें असतात. मेंदूच्या मध्यभागीं होणाऱ्या कांहीं गांठींत मुलाला विलक्षण तहान लागते, रात्रीं चार-चारदां लघवीला उठावें लागतें, उंची वाढण्याचें थांबतें, किंवा वयांत येण्याचा काळ फार लवकर अगर फार उशिरां येतो. वरच्या मोठ्या मेंदूंतील गांठींत झटके येणें, एका बाजूचा हातपाय दुबळा होणें, स्वभाव पालटणें असे प्रकार दिसतात. हंसरें मूल घुमें होतें, हुशार मूल मागें पडतें. त्याचा दोष आपण मोबाइलला किंवा वयाला देतों. पुष्कळदां तो दोष खराहि असतो. परंतु त्याच्या जोडीला डोकेदुखी, ओकारी, दृष्टीचा दोष वा तोलाचा दोष असेल, तर निराळा विचार केला पाहिजे.

हीं लक्षणें इतकीं ठळक असतील तर निदानाला उशीर कां होतो, असें कोणी विचारील. याचें उत्तर आपल्या रोजच्या राहणींत आहे. ठाकुर्लीचें उदाहरण घेऊं. मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधलें हें लहानसें स्थानक. एके काळीं रेल्वेचें वीजगृह आणि रेल्वे-कामगारांची वसाहत ही त्याची ओळख होती. आज तेथें मुंबईला नोकरीस जाणारीं असंख्य कुटुंबें राहतात. अशा एका घराची केवळ कल्पना करा. वडील सकाळची गाडी पकडण्यासाठीं लवकर निघतात आणि रात्रीं परततात. त्यांना दिसतें तें पेंगुळलेलें मूल. सकाळची ओकारी आई पाहते, पण तिलाहि डबा करून कामावर जावयाचें असतें. जिन्यांत मूल अडखळतें तें आजी पाहते आणि दृष्ट काढते. अक्षर बिघडलेलें बाईंना वर्गांत दिसतें, आणि त्या वहींत शेरा देतात. ओकारीसाठीं एका डॉक्टरांचें औषध चालू असतें, तिरळेपणासाठीं चष्म्याच्या दुकानांत नंबर काढलेला असतो. चार माणसांपाशीं चार चिन्हें आहेत. कोणाचाहि निष्काळजीपणा नाहीं. परंतु तीं चारहि चिन्हें एका जागीं, एका माणसासमोर कधींच येत नाहींत. रोगाला जो अवधि मिळतो तो असा मिळतो.

यावर उपाय साधा आहे. मुलाची तक्रार आठवडाभर चालली कीं एक वही घालावी. कोणत्या दिवशीं, किती वाजतां ओकारी झाली, डोकें कोठें दुखलें, त्यामुळें झोंपेंतून जाग आली कां, पडणें केव्हांपासून सुरू झालें, हें तारीखवार लिहावें. आजीला विचारावें, शाळेंतील बाईंना विचारावें, आणि जुनी वही व नवी वही शेजारीं ठेवून अक्षर ताडून पाहावें. मग ती सर्व हकीकत एकाच बालरोगतज्ज्ञांपुढें ठेवावी. अशी टिपणाची दोन पानें डॉक्टरांना दहा प्रश्नांचें उत्तर देतात.

ब्रिटनमध्यें याच विचारानें २०११ सालीं ‘हेडस्मार्ट’ नांवाची लोकशिक्षणाची मोहीम काढण्यांत आली. वयाप्रमाणें लक्षणांची छोटी पत्रिका करून ती पालकांना, शिक्षकांना व डॉक्टरांना वांटण्यांत आली. त्यापूर्वीं पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत तेथें मध्यमानानें १४.४ आठवडे जात. पुढें तो काळ ६.७ आठवड्यांवर आला. नवें यंत्र निघालें नव्हतें, नवें औषध निघालें नव्हतें. केवळ माहिती योग्य हातीं पोंचली. तेथील नियम आपणहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे : डोकेदुखी ४ आठवडे टिकली, किंवा ओकारी २ आठवडे चालू राहिली, तर मेंदूचा विचार झालाच पाहिजे. आणि या दोहोंपैकीं एकाच्या जोडीला तोलाचा किंवा डोळ्यांचा दोष असेल, तर तितकें दिवस मोजीत बसूं नये. मुलाला ग्लानि येऊं लागली, झटका आला, किंवा दृष्टि एकाएकीं गेली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

डॉक्टर प्रथम मुलाला चालवून पाहतात, बोट नाकाला लावावयास सांगतात आणि डोळ्यांचीं बुबुळें फिरवून घेतात. नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या आंतील पडदा पाहतात. डोक्यांत दाब असेल तर दृष्टीच्या मज्जातंतूचें टोक तेथें सुजलेलें दिसूं शकतें. तें सुजलेलें नसलें म्हणजे शंका मिटली असें मात्र नव्हे. खरा निर्णय मेंदूच्या चित्रणानें होतो. १९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें सीटी चित्र घेतलें गेलें. त्यापूर्वीं कवटीच्या आंतील गांठ अप्रत्यक्ष खुणांवरून ताडावी लागे. आज एमआरआयनें गांठ, तुंबलेला द्रव आणि कण्यांत पसरलेला रोग, सर्व स्पष्ट दिसतें. लहान मुलाला त्यासाठीं थोडा वेळ गुंगी द्यावी लागते. तिचें भय बाळगूं नये. आपल्या देशांत क्षयाच्या गांठी व क्षयाचा मेंदूज्वर हींहि अशींच लक्षणें दाखवितात, म्हणून चित्रणाशिवाय केवळ अंदाजानें दीर्घकाळ औषधें देणें धोक्याचें.

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या कुटुंबांना एक अनुकूलता आहे. येथून धीम्या गाडीनें सरळ परळला जातां येतें. परळ भागांत १९२६ सालीं स्थापन झालेलें के. ई. एम. रुग्णालय, लहान मुलांसाठीं १९२९ सालीं निघालेलें वाडिया रुग्णालय आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालेलें टाटा मेमोरियल रुग्णालय, हीं तिन्ही जवळजवळ आहेत. टाटा केंद्राच्या खारघर येथील संस्थेंत २०२३ सालापासून प्रोटॉन किरणांचे उपचारहि होऊं लागले आहेत. तेथें ठाण्यास गाडी बदलून जातां येतें. देशाच्या दूरच्या जिल्ह्यांतून जीं कुटुंबें येथें मुलाला घेऊन येतात, त्यांच्या मानानें आपलें अंतर थोडें आहे. तें अंतर चालून जाण्याची शंका वेळेवर मनांत यावी, एवढेंच आपल्याला करावयाचें आहे. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व रुग्णालयांतील समाजसेवा विभागाची चौकशी पहिल्याच दिवशीं करावी.

आतां उपचारांविषयीं. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकन वैद्यांनीं १९२५ सालीं मेड्युलोब्लास्टोमाचें वर्णन केलें. त्या काळीं गांठ काढली तरी ती पुन्हां येई आणि मूल वांचणें जवळजवळ अशक्य असे. ही गांठ मेंदूच्या द्रवांतून कण्यापर्यंत उतरते हें ओळखून पुढें सर्व मेंदूला व कण्याला किरण देण्याची पद्धति आली, आणि चित्र पालटूं लागलें. आज शस्त्रक्रिया, सुमारे सहा आठवडे किरणोपचार आणि नंतर औषधोपचार असा क्रम असतो. तीन वर्षांखालील मुलांच्या वाढत्या मेंदूला किरणांनीं इजा होते, म्हणून त्यांत औषधांवर अधिक भर देतात. या एकाच नांवाखालीं चार निरनिराळे रोग आहेत हें २०१२ च्या सुमारास मान्य झालें. ते ओळखण्याची एक चांचणी खारघरच्या संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केली. रोग पसरलेला नसेल आणि गांठ नीट काढतां आली असेल, तर जेथें पूर्ण उपचार मिळतात तेथें दहांपैकीं सुमारे आठ मुलें पांच वर्षांपलीकडे जगतात.

तथापि श्रोत्यांना खोटी आशा देणें योग्य नव्हे. मस्तिष्कस्तंभांत पसरणारी घातक गांठ शस्त्रानें काढतां येत नाहीं. किरणांनीं कांहीं महिने आराम पडतो, परंतु बहुतेक मुलें वर्षभराच्या आसपासच दगावतात. तेथें चार आठवडे आधीं निदान होऊन आयुष्य वाढेलच असें नाहीं. मग लवकर निदानाचा आग्रह कशासाठीं? कारण दाब फार दिवस राहिला तर रोग बरा होऊनहि दृष्टि कायमची जाते. कारण बेशुद्धावस्थेंत आणलेल्या मुलावर घाईनें शस्त्रक्रिया करणें आणि शुद्धींत चालत आलेल्या मुलावर ती योजून करणें, यांत फार अंतर आहे. आणि ज्या आईबापांना मूल गमवावें लागतें, त्यांच्या मनाला “आपण वेळीं ओळखलें नाहीं” हा जन्मभराचा सल राहूं नये, हेंहि कांहीं लहान कारण नव्हे.

उपचारानंतरचा काळहि घरानें व शाळेनें समजून घेतला पाहिजे. लहान मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर कांहीं मुलें काहीं आठवडे बोलतच नाहींत. वाचा बहुधा परत येते, पण धीर धरावा लागतो. पुढें ऐकूं कमी येणें, उंची कमी राहणें, काम सावकाश होणें, नवें शिकतांना अडखळणें असे परिणाम दिसूं शकतात. अशा मुलाला वर्गांत पुढें बसवावें, परीक्षेंत अधिक वेळ द्यावा, आणि ‘मंद’ हा शब्द त्याच्या कानीं पडूं देऊं नये. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. त्याच्याशीं खेळण्यास शेजारच्या मुलांना कोणी मनाई करूं नये.

श्रोतेहो, हें भाषण ऐकून आज रात्रीं प्रत्येक डोकेदुखीला कोणी भिऊं नये. मुलांची डोकेदुखी शेंकडों कारणांनीं येते आणि बहुतेक वेळां आपण होऊन जाते. मी सांगतों तें एवढेंच, कीं जी तक्रार जात नाहीं, जी सकाळीं सकाळीं येते, आणि जिच्या मागोमाग पाय, डोळे, अक्षर अथवा स्वभाव यांत बदल होतो, ती तारखेसह लिहून ठेवा, घरांतील सर्वांचें पाहणें एकत्र करा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा : “याच्या मेंदूचें चित्र काढावयास हवें काय?” बहुतेक वेळां चित्र निर्दोष निघेल आणि आपण सुखानें घरीं याल. ज्या एखाद्या मुलाच्या बाबतींत तसें होणार नाहीं, त्याच्यासाठीं त्या प्रश्नानें वांचविलेले आठवडे फार मोलाचे ठरतील.